निमित्त खुनाचं, निर्णय कुणाचा?

१० सप्टेंबर १८९८ रोजी जिनिव्हात ऑस्ट्रिया-हंगेरीची सम्राज्ञी एलिझाबेथ बोटीकडे चालत निघाली असताना लुईजी लुकेनी नावाच्या इटालियन अराजकवाद्यानं तिच्या छातीत धार काढलेली कानस खुपसली. त्याच दिवशी ती गेली. सम्राट फ्रान्झ योझेफनं इटलीला खलिता धाडला नाही की सैन्य हलवलं नाही. वर्षअखेरीस रोममध्ये युरोपातल्या सरकारांची परिषद भरली आणि अराजकवाद्यांची माहिती एकमेकांच्या पोलिसांना कशी पुरवायची यावर खल झाला, एवढंच. त्याआधी १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांना लिआँमध्ये एका इटालियनानंच भोसकलं होतं. शहरात इटालियनांची दुकानं फुटली. फ्रान्स आणि इटली यांच्यात युद्ध मात्र झालं नाही.

एलिझाबेथच्या खुनानंतर सोळा वर्षांनी त्याच सम्राटाचा पुतण्या फ्रान्झ फर्डिनांड सारायेव्होत मारला गेला. या पुतण्यावर काकांची फारशी मर्जी नव्हती. मारेकरी परदेशीसुद्धा नव्हता. गाव्रिलो प्रिन्सिप हा बोस्नियातला, म्हणजे साम्राज्याचाच प्रजाजन. तरीही सदतीस दिवसांत युरोपातल्या पाच महासत्ता एकमेकांशी लढायला उभ्या राहिल्या आणि चार वर्षांत सुमारे एक कोटी सैनिक मेले.

बायको मारली गेली तेव्हा युद्ध नाही आणि नावडता पुतण्या मारला गेला तेव्हा महायुद्ध. मृत माणूस किती मोठा, मारेकरी कुठला, लोक किती चिडले, यांवरून युद्ध होणार की नाही हे ठरत नाही, इतकं तर यातून दिसतंच. ते ठरतं वेगळ्याच गोष्टींवर: युद्धाचा आराखडा आधीच कुणाच्या कपाटात तयार होता, त्याला पाठबळ द्यायला कोण उभं होतं, आणि एकदा सैन्य हलू लागल्यावर त्याला मध्येच थांबवता येतं की नाही. खुनामुळे युद्ध पेटलं हे वाक्य पाठ्यपुस्तकाला सोयीचं आहे. त्याहून ते सरकारांना सोयीचं आहे, कारण त्यात निर्णय घेणारी माणसं गायब होतात.

सारायेव्होची गोष्ट सांगताना हमखास योगायोगावर भर दिला जातो. २८ जून १९१४, रविवार. युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी उघड्या मोटारीतून नगरभवनाकडे निघालेले. मार्ग आधीच जाहीर झालेला, रस्त्याच्या कडेला सैनिकांची रांग नाही. मिल्यात्स्का नदीच्या काठच्या रस्त्यावर कटातले तरुण ठिकठिकाणी उभे. पहिल्याचा धीरच झाला नाही. नेदेल्को चाब्रिनोविचनं बाँब टाकला, तो मोटारीच्या दुमडलेल्या टपावरून घरंगळला आणि मागच्या मोटारीखाली फुटला. नगरभवनातला समारंभ उरकल्यावर युवराजानं जखमी अधिकाऱ्याला भेटायला रुग्णालयात जायचं ठरवलं, म्हणून परतीचा मार्ग बदलला. पण हे ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. लॅटिन पुलापाशी तो जुन्या ठरलेल्या मार्गानं उजवीकडे वळला, गव्हर्नर पोटिओरेक ओरडला, मोटार थांबली, आणि नेमका तिथेच प्रिन्सिप उभा होता. दोन गोळ्या. एक युवराजाच्या मानेत, दुसरी सोफीच्या पोटात.

(प्रिन्सिप त्या वेळी दुकानाबाहेर सँडविच खात होता, ही गोष्ट अलीकडे फार फिरते. तिला खटल्यातल्या साक्षींचा आधार नाही. नंतर कुणीतरी ती रचली आणि ती खपली.)

हा सगळा योगायोग खराच आहे. पण त्यातून फक्त युवराज कसा मेला एवढं कळतं. चुकीच्या वळणामुळे माणूस मरू शकतो. चुकीच्या वळणामुळे जर्मनीची बेल्जियमवर स्वारी होत नाही. वळण सकाळी अकराच्या सुमाराचं, जूनमधलं. स्वारी ऑगस्टची. मधल्या पाच आठवड्यांत कुणाची मोटार चुकली नव्हती. कागदांवर सह्या होत होत्या, आणि त्या विचारपूर्वक होत होत्या.

त्या सह्यांकडे वळण्याआधी एक बाब, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होतं. व्हिएन्नातला लष्करप्रमुख कॉनराड फॉन हॉट्झेनडॉर्फ यानं एकट्या १९१३ सालात पंचविसेक वेळा सर्बियावर युद्ध करायचा आग्रह धरला होता. बाल्कन युद्धांनंतर सर्बियाचा मुलूख जवळजवळ दुप्पट झाला होता आणि साम्राज्यातले दक्षिण स्लाव्ह लोक त्या राज्याकडे आशेनं बघू लागले होते, ही त्याची चिंता. त्याला दरवेळी अडवणाऱ्यांत सर्वांत वजनदार माणूस होता तो फ्रान्झ फर्डिनांड. सर्बियाशी युद्ध म्हणजे रशियाशी युद्ध, आणि रशियाशी युद्ध म्हणजे दोन्ही राजघराण्यांचा शेवट, असा त्याचा हिशेब होता. तो पुढे अक्षरशः खरा ठरला. म्हणजे प्रिन्सिपच्या गोळीनं एकाच वेळी दोन कामं केली: युद्ध हवं असणाऱ्यांना निमित्त दिलं, आणि युद्ध रोखणाऱ्याला दरबारातून उठवलं. राजकीय खुनाचा धोका मोजताना लोक किती खवळतील एवढंच बघितलं जातं. मेलेला माणूस निर्णयाच्या खोलीत कोणत्या बाजूला बसत होता, हे कुणी विचारत नाही.

खुनानंतर आठवडाभर अख्खा युरोप व्हिएन्नाच्या बाजूनं हळहळत होता. त्याच वेळी मर्यादित कारवाई झाली असती तर कदाचित ती खपून गेली असती, असं मानणारे इतिहासकार आहेत. पण कारवाई झाली नाही, आणि का झाली नाही ते पाहण्यासारखं आहे. ५ जुलैला काउंट होयोस हा दूत बर्लिनला गेला. सम्राट विल्हेल्म आणि दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर बेटमन-होलवेग यांनी सांगितलं की तुम्ही सर्बियाचं काय करायचं ते करा, रशिया आडवा आला तरी जर्मनी पाठीशी आहे. इतिहासात याला कोरा चेक म्हणतात. रक्कम न लिहिता सही केलेला हा चेक देताना बर्लिनची अपेक्षा होती की तो तातडीनं वटवला जाईल. तो वटायला तीन आठवडे लागले.

कारण हंगेरीचा पंतप्रधान तिसा १४ जुलैपर्यंत तयारच नव्हता. शिवाय सैन्यातली कित्येक माणसं सुगीच्या रजेवर शेतात होती. त्यांना मध्येच बोलावलं असतं तर पीकही बुडालं असतं, रेल्वेचा ताळमेळही बिघडला असता आणि बेतही फुटला असता. त्यात फ्रान्सचे अध्यक्ष पोआंकारे आणि पंतप्रधान विव्हियानी २० ते २३ जुलै सेंट पीटर्सबर्गमध्ये होते. ते तिथे असताना खलिता दिला तर फ्रान्स आणि रशिया समोरासमोर बसून उत्तर ठरवतील. म्हणून ते जहाजावर चढेपर्यंत थांबायचं ठरलं. २३ जुलैला संध्याकाळी सहा वाजता खलिता दिला गेला.

यात तपासासाठी म्हणून घेतलेला एकही दिवस नाही. तपास झाला होता, पण त्याचं ओझं कुणाला नको होतं. परराष्ट्र खात्यातला अधिकारी वीझनर सारायेव्होला जाऊन आला आणि १३ जुलैला त्यानं कळवलं की सर्बियन सरकारला कटाची माहिती होती असा पुरावा नाही. मात्र हत्यारं बेलग्रेडमधून आली आणि सीमा ओलांडायला सर्बियन अधिकाऱ्यांनी मदत केली. हा अहवाल आज वाचला तरी चोख वाटतो. सरकार आणि सरकारातले काही अधिकारी यांत त्यानं फरक केला होता. खलिता लिहिणाऱ्यांनी तो फरक पुसून टाकला.

इथे सर्बियाची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असं म्हणायचं कारण नाही. मारेकऱ्यांना पिस्तुलं आणि बाँब मेजर तान्कोसिचमार्फत मिळाले होते. त्याच्यामागे असलेला कर्नल द्रागुतिन दिमित्रियेविच, टोपणनाव आपिस, हा सर्बियन लष्करी गुप्तहेर खात्याचा प्रमुख होता आणि ‘काळा हात’ या गुप्त संघटनेचा सूत्रधारही. पंतप्रधान पाशिच आणि हा गट यांचं आपसात वैर होतं. सरकारला आपलंच गुप्तहेर खातं आवरत नव्हतं. अशा शेजाऱ्याकडून ऑस्ट्रियाला उत्तर मागायचा हक्क होताच. प्रश्न मागणीचा नाही, मागणी कशी बांधली याचा आहे.

खलित्यात दहा मागण्या होत्या आणि मुदत अठ्ठेचाळीस तासांची. वृत्तपत्रांना आवर घाला, अमुक संघटना बरखास्त करा, तमुक अधिकाऱ्यांना अटक करा, या मागण्या कडू असल्या तरी गिळता येण्याजोग्या होत्या. सहावी मागणी अशी होती की सर्बियाच्या भूमीवर होणाऱ्या न्यायालयीन चौकशीत ऑस्ट्रियाचे प्रतिनिधी भाग घेतील. कुठलंही सार्वभौम राष्ट्र हे मान्य करणार नाही, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यासाठीच ती होती. नकार मिळावा म्हणून लिहिलेला कागद ओळखायची खूण साधी आहे. मुदत इतकी आखूड असते की तिसऱ्या कुणाला मध्ये पडता येत नाही, आणि दहापैकी नऊ अटी मानल्या तरी त्या नवांना किंमत नसते.

२५ जुलैच्या संध्याकाळचं बेलग्रेड बघा. उत्तराचा मसुदा शेवटच्या घटकेपर्यंत बदलत होता. टंकयंत्र ऐन वेळी रुसलं, म्हणून अखेरची प्रत हातानं लिहावी लागली, खाडाखोडीसकट. सहाला काही मिनिटं उरली असताना पाशिच स्वतः तो लखोटा घेऊन ऑस्ट्रियन वकिलातीत गेले. राजदूत गीझलनं कागदावर नजर टाकली. सहावी अट नाकारलेली दिसली. संबंध तोडल्याचं पत्र त्यानं आधीच तयार ठेवलं होतं, सामानही बांधलेलं होतं. साडेसहाच्या गाडीनं तो माणसांसकट सीमेपलीकडे गेला. सर्बियानंही दुपारीच सैन्य जमवायचा हुकूम काढलेला होता, हे सांगायला हवं. उत्तर मवाळ लिहिलं तरी पुढे काय होणार याबद्दल त्यांना भ्रम नव्हता.

पुढची गंमत क्रूर आहे. कोरा चेक देणाऱ्या विल्हेल्मनं सर्बियाचं उत्तर २८ जुलैच्या सकाळी वाचलं आणि आता युद्धाला काही कारण उरलं नाही असा शेरा मारला. ऑस्ट्रियानं फार तर बेलग्रेड ताब्यात घेऊन थांबावं आणि बोलणी करावीत, असं त्याचं म्हणणं. बेटमन-होलवेगनं ते व्हिएन्नाला कळवायला रात्र केली. तोवर ऑस्ट्रियाच्या परराष्ट्रमंत्री बेर्शटोल्डनं फ्रान्झ योझेफची सही घेऊन युद्ध पुकारलं होतं, साध्या तारेनं. सही मिळवण्यासाठी सादर केलेल्या मजकुरात तेमेस-कुबिनजवळ सर्बियन सैन्यानं गोळीबार केल्याचा उल्लेख होता. ती बातमी खोटी निघाली आणि ते वाक्य नंतर काढून टाकलं गेलं, सही राहिली. ही घाई कशासाठी? ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी २६ तारखेला चार राष्ट्रांच्या परिषदेचा प्रस्ताव मांडला होता, आणि मध्यस्थीला वाव राहू नये असं व्हिएन्नाला वाटत होतं. लढायची तयारी म्हणावी तर कॉनराडला सर्बियात शिरायला ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडावा लागणार होता. युद्ध आज पुकारायचं आणि दोन आठवड्यांनी सुरू करायचं. त्या दोन आठवड्यांत बाकीच्या युरोपनं काय करावं अशी त्यांची कल्पना होती, कोण जाणे.

इथवर हे एका छोट्या देशावरचं युद्ध होतं. त्याचं महायुद्ध झालं ते रेल्वेच्या वेळापत्रकांतून, आणि हा भाग तपशिलात बघण्यासारखा आहे.

त्या काळी सैन्याची जमवाजमव म्हणजे लाखो राखीव सैनिकांना घरातून बोलावणं, त्यांना घोडे, तोफा आणि दाणागोटा यांच्यासह ठरल्या तासाला ठरल्या स्थानकावर उतरवणं. या आराखड्यांवर वर्षानुवर्षं काम चाले. डबे, इंजिनं, कोळसा, पाणी भरायची ठिकाणं, फलाटांची लांबी हे सगळं जुळवलेलं. अशा आराखड्याचा अर्धा भाग चालवता येत नाही. रशियाला ते आधी कळलं. परराष्ट्रमंत्री साझोनोव्हला जर्मनीला न डिवचता फक्त ऑस्ट्रियाला दम द्यायचा होता, म्हणून कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान एवढ्याच लष्करी विभागांची अंशतः जमवाजमव करायचं ठरलं. पण ऑस्ट्रियाविरुद्ध लढायचं तर वॉर्सा विभाग लागतोच, आणि तो जर्मनीलाही लागून. शिवाय अंशतः जमवाजमवेसाठी गाड्या एकदा गुंतल्या की नंतर पूर्ण जमवाजमव करायची वेळ आल्यास सगळा गोंधळ. सेनापतींनी झारला हेच सांगितलं. २९ जुलैच्या रात्री विल्हेल्मची तार आल्यावर झारनं पूर्ण जमवाजमवेचा हुकूम मागे घेतला; ३० तारखेला दुपारी पुन्हा दिला. लष्करप्रमुख यानुश्केविचनं आधीच सांगून ठेवलं होतं की हुकूम मिळाला की मी टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे तो फिरवायला कुणी मला गाठू शकणार नाही. थट्टेत म्हटलं असेल. पण एका साम्राज्याचा लष्करप्रमुख मागे फिरायच्या वाटेलाच धोका समजत होता.

जर्मनीची अडचण याहून वाईट. रशियाची जमवाजमव संथ, फ्रान्सची झपाट्याची; म्हणून आधी सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग पूर्वेला वळायचं, असा तिचा बेत होता. पूर्वेकडे मुख्य हल्ला करायचा पर्यायी आराखडा १९१३ पासून अद्ययावत ठेवणंच बंद झालं होतं. फ्रान्सला लोळवायचं तर बेल्जियममधून जायचं, बेल्जियममधून जायचं तर लिएजचे किल्ले पहिल्याच दिवसांत घ्यायचे. म्हणजे इतर देशांना जमवाजमव करून सीमेवर थांबता येत होतं. जर्मनीला जमवाजमव म्हणजेच स्वारी. रशियानं हुकूम काढताच जर्मनीला तासांचा हिशेब सुरू करावा लागला, कारण तिचा सारा बेत रशियाच्या संथपणावर उभा होता.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी लंडनहून तार आली: फ्रान्सवर हल्ला होणार नसेल तर ब्रिटन तटस्थ राहील आणि फ्रान्सलाही आवरेल, असा तिचा अर्थ लावला गेला. विल्हेल्म आनंदानं आपला लष्करप्रमुख मोल्टके याला म्हणाला, चला तर, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. मोल्टकेनं साफ नकार दिला. वळवलं तर सैन्य उरणार नाही, नुसता जमाव राहील, असं त्याचं उत्तर. त्याची बाजू समजायला एक आकडा पुरे: २ ते १८ ऑगस्ट या काळात कोलोनच्या एकाच होहेनझोलर्न पुलावरून ५४ डब्यांच्या २,१५० गाड्या गेल्या, साधारण दर दहा मिनिटांना एक. हे वेळापत्रक रातोरात उलटं फिरवता येत नाही, असं मोल्टकेला वाटत होतं. रेल्वे विभागाचे प्रमुख ग्रोनर यांनी नंतर सांगितलं की बराचसा भाग फिरवता आला असता. कोण बरोबर होतं यापेक्षा त्या रात्री सम्राटापुढे दुसरा कागदच नव्हता, हे अधिक महत्त्वाचं. लंडनच्या तारेचा अर्थ चुकीचा लावला होता हे रात्री उशिरा कळलं आणि विल्हेल्मनं मोल्टकेला सांगितलं, आता तुला हवं ते कर. ३ तारखेला फ्रान्सवर युद्ध, ४ तारखेला बेल्जियमची सीमा ओलांडली, त्याच रात्री ब्रिटन उतरलं.

ज्या ऑस्ट्रियासाठी हे सगळं चाललं होतं, तिनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला. जर्मनीनं ते १ ऑगस्टलाच पुकारलं होतं, म्हणजे तिच्यानंतर पाच दिवसांनी! तिची स्वतःची जमवाजमवही फसली. कॉनराडनं गरजेप्रमाणे इकडे किंवा तिकडे वापरायचं म्हणून राखलेलं सैन्य आधी सर्बियाकडे रवाना केलं. रशिया उतरल्यावर ते रशियाला लागून असलेल्या गॅलिशिया प्रांताकडे वळवावं म्हटलं तर रेल्वेवाले म्हणाले, आता गाड्या मध्येच फिरवता येणार नाहीत. म्हणून ते सैन्य आधी डॅन्यूबपर्यंत जाऊन उतरलं आणि मग पुन्हा गाड्यांत बसून उत्तरेला गेलं. दोन्ही आघाड्यांवर ते हवं तेव्हा नव्हतं. सर्बियाला धडा शिकवायला निघालेलं सैन्य ऑगस्टमध्येच सेर डोंगरावर मार खाऊन द्रिना नदीपलीकडे परतलं.

आता याच्या शेजारी १९३४ ठेवा. ९ ऑक्टोबरला मार्सेयमध्ये युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर मोटारीतच मारला गेला. त्याच हल्ल्यात फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू यांचाही जीव गेला. खुनामागे क्रोएशियन उस्ताशा आणि मॅसेडोनियन क्रांतिकारक संघटना होत्या. उस्ताशांना हंगेरीत तळ मिळाला होता आणि इटलीत आसरा. परकीय सरकारांचा हात म्हणाल तर सारायेव्होपेक्षा इथे तो जास्त उघड दिसत होता. युगोस्लाव्हियानं राष्ट्रसंघात हंगेरीवर आरोप ठेवला. डिसेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेनं ठराव केला की हंगेरीनं आपल्या दोषी अधिकाऱ्यांवर कारवाई करून त्याचा अहवाल द्यावा. इटलीचं नाव कुठेही आलं नाही, कारण फ्रान्सला तेव्हा मुसोलिनी दुखवायचा नव्हता. हा न्याय अर्धाच होता, आणि तो अर्धा आहे हे सगळ्यांना कळत होतं. पण बेलग्रेडला कुणी कोरा चेक दिला नव्हता. उलट पाठीराख्यांनीच त्याचा हात धरून ठेवला. सहाव्या मागणीचं कामही इथे वेगळ्या रीतीनं झालं: चौकशी हंगेरीनं स्वतः करायची, पण उत्तर तिसऱ्याला द्यायचं. १९१४ मध्ये हा तिसरा नव्हता. होऊ पाहणाऱ्या ग्रे यांना व्हिएन्नानं जाणूनबुजून मागे टाकलं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की युरोप तेव्हा दारूगोळ्याचं कोठारच होतं, सारायेव्हो नसतं तर दुसरं काहीतरी झालंच असतं. हे मला पटत नाही. १९०८-०९ मध्ये बोस्निया गिळंकृत करण्यावरून, १९११ मध्ये मोरोक्कोवरून, १९१२-१३ मध्ये बाल्कनवरून हेच देश कड्यापर्यंत जाऊन परतले होते. कोठार तेव्हाही भरलेलंच होतं. प्रत्येक वेळी कुणीतरी एक पाऊल मागे घेतलं, आणि ते घेता आलं कारण मुदत अठ्ठेचाळीस तासांची नव्हती. अटळ होतं म्हणणं हा निर्णय घेणाऱ्यांना उशिरा दिलेला माफीनामा आहे.

पुढच्या काळातही हाच साचा दिसतो. ३ जून १९८२ रोजी लंडनमध्ये इस्रायलचे राजदूत श्लोमो अर्गोव्ह यांच्यावर गोळी झाडली गेली. हल्लेखोर अबू निदालच्या गटाचे, म्हणजे यासर अराफतांच्या पीएलओच्या (पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या) हाडवैऱ्यांचे. इस्रायली गुप्तचरांना ते लगेच कळलंही. तरी तीन दिवसांत इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये पीएलओवर तुटून पडलं, कारण संरक्षणमंत्री शॅरोन यांची मोहीम आधीपासून तयार होती. चाळीस किलोमीटरपर्यंतच जायचं असं जाहीर केलं होतं. काही दिवसांत सैन्य बैरूतच्या वेशीवर होतं. लेबनॉनमधून पुरतं बाहेर पडायला २००० साल उजाडलं. रुआंडात ६ एप्रिल १९९४ च्या रात्री अध्यक्ष हाब्यारिमानांचं विमान पाडलं गेलं. ते कुणी पाडलं याचा वाद अजून मिटलेला नाही, पण काही तासांत किगालीत नाकेबंद्या उभ्या राहिल्या आणि मारायच्या लोकांच्या याद्या बाहेर आल्या. याद्या काही एका रात्रीत होत नाहीत. साधारण शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना २७० माणसांवर आणली. खुनानंतर बाहेरचं बळ वाढवायच्या ऐवजी काढून घेण्याचं याहून ठळक उदाहरण शोधून सापडायचं नाही.

याउलट ३ जानेवारी २०२० ला अमेरिकेनं बगदादच्या विमानतळाबाहेर ड्रोननं इराणचे सेनानी कासिम सुलेमानी यांना मारलं. या वेळी मारणारं सरकारच होतं. पाच दिवसांनी इराणनं इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं डागली, पण त्याआधी इराकी पंतप्रधानांना कळवलं. सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्या, मृत्यू झाला नाही, आणि स्विस वकिलातीतून निरोपांची ये-जा चालू राहिली. दोघांनाही पायरी उतरायला जागा मिळाली. त्याच रात्री तेहरानवर चुकून पाडलेल्या युक्रेनी प्रवासी विमानात १७६ जण मात्र हकनाक गेले. जागा ठेवली तरी सज्ज क्षेपणास्त्रांच्या शेजारी चुका होतातच.

म्हणून एखाद्या मोठ्या खुनानंतर सरकारला विचारायचे प्रश्न मृताच्या थोरवीचे नाहीत. तपास कोण करतंय आणि तो पुरा होईपर्यंत थांबणार का? मित्रराष्ट्रानं जे आश्वासन दिलंय त्याला मर्यादा आहे का, की रक्कम कोरी आहे? मागण्यांची मुदत किती, आणि काही अटी मानल्या तर कारवाई तितकी कमी होणार की एका नकारावर सगळं रद्द? सैन्याच्या आराखड्यात अर्ध्यावर थांबायचा पर्याय आहे का आणि त्याचा सराव झालाय का? शेवटचा प्रश्न गुप्ततेच्या नावाखाली टोलवला जातो. पण आराखडा गुप्त ठेवून त्यात थांबायचा पर्याय आहे की नाही एवढं संसदेला सांगता येतं.

हा मार्ग संथ, महागडा आणि चिडवणारा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. १४ फेब्रुवारी २००५ रोजी बैरूतमध्ये लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांचा ताफा स्फोटानं उडवला गेला. संयुक्त राष्ट्रांनी चौकशी लावली, मग नेदरलँड्समध्ये खास न्यायाधिकरण बसवलं. २०२० मध्ये एक जण दोषी ठरला, २०२२ मध्ये अपिलात आणखी दोघे, आणि तिघांपैकी एकही कधी न्यायालयात उभा राहिला नाही. लेबनॉनमध्ये अनेकांनी या निकालाची टिंगल केली, आणि त्यांची चीड समजण्यासारखी आहे. पण खुनानंतर दहा आठवड्यांत, ज्याच्यावर अनेकांचा संशय होता त्या सिरियाचं सैन्य जवळपास तीस वर्षांनी लेबनॉन सोडून गेलं होतं. ते रस्त्यावरच्या लाखोंच्या गर्दीमुळे आणि सुरक्षा परिषदेच्या दबावामुळे. त्यासाठी दमास्कसकडे एकही रणगाडा निघाला नव्हता.